संकष्टीची भरती

भरती कधी आणि ओहोटी कधी, हे मला कुणी शिकवायला येऊ नये असं मला जन्मभर वाटत आलं. माझे वडील रत्नागिरीत प्राथमिक शिक्षक होते. संध्याकाळी दिवा लागला की परवचा, आणि परवच्यात पाऊणकी. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. बाकीच्या मुलांना तो नुसता पाढा होता, आम्हाला ते समुद्राचं घड्याळ होतं. आज तिथी कोणती ते बघायचं, तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळाली. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पुढे मी स्वतः तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. आधीच कोकणातली, त्यात गणिताची बाई, तेव्हा चूक काढायला कुणी आलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्याच.

निवृत्तीनंतर एका जुन्या विद्यार्थिनीने मला जिओकॅशिंगचा नाद लावला. खेळ सोपा आहे. कुणीतरी उघड्यावर एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतं. बाकीच्यांनी मोबाइलवर बघत बघत जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, वाटलं तर आतली एखादी चीजवस्तू घेऊन आपली एखादी ठेवायची आणि डबा होता तिथे परत लपवायचा. बक्षीस काही नाही. आमचे हे पहिल्या दिवशी म्हणाले, "म्हणजे एकाने डबा हरवायचा आणि दुसऱ्याने शोधायचा. आपल्या घरात काय कमी डबे हरवतात?" यांना स्वतःच्या आंब्याच्या कलमांपलीकडे जगात काही बघण्यासारखं आहे असं वाटतच नाही.

मला मात्र गोडी लागली. भाट्याच्या सुरूच्या बनात एका बुंध्याशी वाळूत हात घातला आणि बोटांना प्लास्टिकचं झाकण लागलं, तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. आणि डब्यापेक्षा मजा माणसांची. एखादा गृहस्थ एकाच झाडाभोवती तिसऱ्यांदा घुटमळतोय, कुणी बघितलं की बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करतोय, असं दिसलं की मी सरळ जाऊन विचारायची, "डबा का?" मग चोरी पकडल्यासारखा चेहरा, मग हसू, मग थर्मासमधला चहा. बंगळूरचं एक डॉक्टर जोडपं असं भेटलं, चिपळूणचा एक पोस्टमन भेटला. ओळख ना पाळख, पण तासाभरात घरच्यासारखी बोलायला लागायची.

मग मला स्वतःचा डबा लपवायची खुमखुमी आली. जागा निवडली ती आरे-वारेची. दोन किनाऱ्यांच्या मधे डोंगराचं नाक समुद्रात शिरतं, त्याच्या पायथ्याशी. ओहोटीला खडकाखडकांवरून चालत जाता येतं. वाटेत एक चर लागतो, चारपाच पावलं रुंद. तो ओलांडला की पलीकडे मोठा काळा कातळ, आणि त्याच्या मागे डोक्याइतक्या उंचीवर एक कपार. डबा त्या कपारीत. भरती आली की चर भरतो आणि परतीची वाट बंद होते. मागे सरळ कडा, चढायला कुठे जागा नाही. भरतीत डबा कोरडा राहतो, पण माणूस उभा राहतो ती जागा बुडते.

म्हणून वेबसाइटवर मी सूचना लिहिली, फळ्यावर लिहावी तशी. "तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरती. त्याआधी दोन तास चर ओलांडून परत या. उदाहरण: संकष्टीला चतुर्थी, म्हणून भरती दुपारी तीनला. एक वाजेपर्यंत परतावे." उदाहरण संकष्टीचं घेतलं, कारण संकष्टीला माणसं गणपतीपुळ्याला येतात आणि दर्शन झालं की किनाऱ्याच्या रस्त्याने आरे-वारेला उतरतात. माझ्या मते ही सूचना म्हणजे शहाणपणाचा कळस होता.

वर्षभराने पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर तिथे येऊन गेले. त्यांनी वेबसाइटवर लिहिलं, "संकष्टीला आलो होतो. पाणी आपण दिलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास आधी चढले. कृपया तपासावे." भाषा सभ्य होती, तरी माझं डोकं फिरलं. हे पुण्याहून येऊन आम्हाला भरती शिकवणार. मी उत्तर ठोकलं, "आमच्या पिढ्या या पाण्यावर गेल्या. आपले घड्याळ तपासावे." खाली चारपाच जणांनी हसरे चेहरे टाकले आणि मला फार बरं वाटलं. पुढे डबा ठीकठाक आहे ना ते बघायला गेले, तर आतल्या वहीतही त्यांनी तेच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी वाचलं आणि पान उलटलं.

याच खेळातून कोल्हापूरच्या दोन जावांशी माझी ओळख झाली. भेट नाही, नुसते निरोप. लिहायची ती धाकटी. थोरल्या जाऊबाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले आणि त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. देवळात नाही, लग्नात नाही, दारातल्या भाजीवाल्याकडेसुद्धा नाही. धाकटीने एकदा त्यांना थापा मारून पन्हाळ्याच्या वाटेवर एका डब्यापाशी नेलं. डबा थोरलीलाच सापडला. धाकटीने मला लिहिलं होतं, "बाई, त्या दिवशी ताई दोन वर्षांत पहिल्यांदा हसल्या." त्यानंतर दर महिन्याला एक डबा, हा त्या दोघींचा नेम. गेल्या थंडीत त्यांनी कळवलं की संकष्टीला गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन माझा डबा शोधतील आणि मग माझ्या घरी येतील. मला इतका आनंद झाला की मी आदल्या दिवशीच साबुदाणा भिजवायला काढून ठेवला.

संकष्टीला सकाळी अकरा दहाला धाकटीचा निरोप आला. "खाली उतरतोय. एकपर्यंत वेळ आहे ना, निवांत शोधतो." मी हसरा चेहरा पाठवला.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी स्वयंपाकघरात साबुदाणा मोकळा करत होते. उपास सोडायला चंद्र कधी उगवणार ते बघायला हे भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले.

"चंद्रोदय नऊ वीस," हे म्हणाले. मग चष्मा कपाळावर चढवून कॅलेंडरला नाक लावलं. "पण हे काय गो? इथे दुपारी चार दहापर्यंत तृतीया लिहिल्ये. चतुर्थी त्यानंतर. मग आज संकष्टी कशी?"

मी मागे न बघता वर्गात सांगावं तसं सांगितलं. "संकष्टी सकाळच्या तिथीवर धरत नाहीत. चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी संकष्टी. दिवसा पुष्कळदा तृतीयाच असते."

सांगून झालं आणि माझा हात परातीत तसाच राहिला.

दिवसा तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. तीन नव्हे, सव्वादोन. त्याआधी दोन तास म्हणजे सव्वाबारा, एक नव्हे. उपासाची चतुर्थी मी समुद्राच्या माथी मारली होती, आणि समुद्र काही उपास धरत नाही. वडील रोज पंचांग उघडून तिथी बघायचे. मी बघायची स्वयंपाकघरातला उपासाचा बेत. पुण्याच्या माणसाचा पाऊण तास बरोबर एका तिथीचा होता. त्यात पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे पाण्याला उधाण. 

धाकटीला फोन लावला. लागत नाही. परत लावला. डोंगराच्या त्या नाकाखाली कुणाचाच फोन लागत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. "त्या दोघी खाली आहेत," मी यांना म्हटलं, "आणि मी वेळ चुकीची लिहिल्ये."  पडवीत आंब्याच्या टोपल्या उतरवायचा दोर गुंडाळून ठेवलेला होता, तो यांनी खांद्यावर टाकला आणि स्कूटरच्या मागे बसले.

एरवी मी गाडी चालवली की हे मागून सतत "हळू, हळू" करतात. त्या दिवशी शिरगाव ओलांडेपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "पोचायचंय हे लक्षात ठेव. आपण पडलो तर त्यांच्याकडे कोण जाणार?" मी वेग कमी केला नाही. डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती, ती बाई दोन वर्षं घरात बसली होती आणि तिला बाहेर काढून मी त्या कातळावर नेऊन बसवलं होतं. माझ्या एका ओळीवर विश्वास ठेवून. वळणावरून खाली समुद्र दिसला तेव्हा वाळूचा पट्टा निम्मा झाला होता.

खाली उतरून नाकाशी पोचेपर्यंत बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली. पहिले खडक अजून उघडे होते. शेवाळावरून मी कशी चालले ते मला सांगता येणार नाही. यांचे गुडघे धड नाहीत, पण हे माझ्या मागे नव्हते, बरोबर होते. वळण घेतलं आणि पलीकडचा काळा कातळ दिसला.

त्या दोघी त्यावर निवांत बसल्या होत्या. समुद्राकडे पाठ, मधे पिशवी उघडी, आणि केळ्याचे वेफर्स खात होत्या. उपासाचे. धाकटी फोटो काढत होती. मधल्या चरात पाणी आत येऊन मागे जात होतं, आणि दर खेपेला मागे जरा कमी जात होतं.

मी ओरडले. धाकटीने बघितलं, वेबसाइटवरच्या फोटोवरून मला ओळखलं आणि उठून दोन्ही हात हलवले. थोरलीनेही हसून हात केला. इतक्या दिवसांच्या निरोपांनंतरची पहिलीच गाठभेट होती ती, त्यांना वाटलं मी आनंदाने ओरडत्ये. मी हाताने "या, या" करत होते, आणि धाकटी मला वेफर्सची पिशवी दाखवून तिकडे बोलावत होती. लाटांच्या आवाजात शब्द पोचेना. मग एक लाट आली ती चर भरून कातळाच्या पायरीवर चढली आणि त्यांच्या चपला घेऊन गेली. तेव्हा थोरलीने वळून बघितलं.

तिचा चेहरा मी विसरणार नाही.

यांनी दोराचं एक टोक अलीकडच्या खडकाच्या सुळक्याला बांधलं. दुसरं टोक मी कमरेला गुंडाळलं. हे म्हणाले, "मी जातो." मी म्हटलं, "तुमचे गुडघे?" आणि उतरले. मधे पाणी मांडीपर्यंत होतं, लाट आली की छातीपर्यंत. कडेच्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या धारा ब्लेडसारख्या. दोन्ही पोटऱ्या सोलवटल्या. पलीकडे पोचून मी दोर सोडवला आणि तो थोरलीच्या कमरेला बांधला. "मला पवता येत नाही ओ," ती म्हणाली. मी म्हटलं, "पोहायचं नाही. चालायचं. हे म्हणतील तेव्हा."

हे पलीकडून पाण्याकडे बघत उभे होते. दोनतीन मोठ्या लाटा येतात, मग जरा उसंत मिळते, ती उसंत हे शोधत होते. हात वर केला. मी तिला उतरवलं. मधे तिचा पाय घसरला आणि ती गळ्यापर्यंत खाली गेली, पण यांनी दोर ताणून धरला होता. ती खडकावर आपटली, धडपडली आणि वर चढली. दोर परत फेकायला यांना तीन प्रयत्न लागले. तोवर पाणी धाकटीच्या पोटरीला लागलं होतं, कातळावर उभं राहूनसुद्धा.

धाकटी पाऊल उचलेना. तिने पिशवी छातीशी धरली होती आणि ती नुसती "ताई, ताई" म्हणत होती. मी तिच्या दंडाला धरून चिमटा काढला, वर्गात कधी कुणाला काढला नसेल इतका जोरात. आम्ही दोघींनी एकाच दोराला धरून उडी टाकली. एक लाट डोक्यावरून गेली. नाकातोंडात पाणी, पाय कुठे ते कळेना, आणि माझ्या डोक्यात तेवढ्यात काय आलं असेल, तर सव्वादोन. मग यांचा हात माझ्या मनगटाला लागला.

आम्ही वळण ओलांडून वाळूवर आलो आणि मागे बघितलं. चर दिसत नव्हता. काळा कातळ फुटत्या पाण्यात अधूनमधून डोकं काढत होता. 

घरी आणून त्यांना माझ्या साड्या दिल्या, कापलेल्या पायांवर हळद दाबली, चहा केला. धाकटीला थंडी वाजून येत होती आणि ती रडत होती. "माझ्यामुळं झालं. ताई कवाच्या म्हणत होत्या उठूया, मीच म्हटलं अजून अर्धा तास आहे, फोटो काढूया. मी ताईंना मारलंच असतं. आता हे सगळं बंद. कुठं जायचं नाही, काही शोधायचं नाही."

"गप गं," थोरली म्हणाली. "बाई देवासारख्या आल्या, नाहीतर काय झालं असतं."

मला देव म्हणाल्या आणि मी गप्प बसले. आता लिहायला बसल्ये तर खरं ते लिहिते. चांगली दहा मिनिटं मी गप्प बसले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या समजुतीने त्यांनीच उशीर केला होता. मी एक चकार शब्द काढला नसता तर जन्मभर त्यांनी माझं नाव घेऊन दिवा लावला असता. यांनी कपावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठून पडवीत जाऊन बसले.

पिशवीत डब्यातली वही होती. सही करायला बाहेर काढलेली, ती घाबरगुंडीत पिशवीतच राहिली. थोरलीने ती पंख्याखाली धरली आणि नॅपकिनने एकेक पान टिपायला लागली. नर्स होती ती, हाताला सवय. टिपायचं, उलटायचं. पुण्याच्या गृहस्थांचं पान पुढे होतं, जाडीवरून मला अंदाज आला की फार तर पाचसहा पानं. ती अक्षरं वाचत नव्हती, पण पेन्सिल पाण्याने पुसली जात नाही. धाकटी म्हणत होती, "ताई, तुम्ही घरात होता तेच बरं होतं, मी उगं तुम्हाला बाहेर काढलं." आणि थोरली पान उलटत होती. मला कळलं की ही मुलगी असं म्हणत राहिली, तर ती बाई परत घरात जाऊन बसणार.

मी वही घेतली, ते पान उघडलं आणि थोरलीच्या पुढ्यात ठेवलं.

तिने हळूहळू वाचलं. "संकष्टीला पाणी पाऊण तास आधी आले. बाईंना कळवतो आहे." मग माझ्याकडे बघितलं. "कळवलं होतं त्यांनी?"

"कळवलं होतं."

"मग?"

"मी त्यांना त्यांचं घड्याळ तपासायला सांगितलं." आणि मग सगळं सांगितलं. तृतीया, चतुर्थी, पाऊणकी, हसरे चेहरे, उलटलेलं पान. वडिलांचं नाव मधे आणलं नाही. त्यांनी बरोबर शिकवलं होतं.

पंखा फिरत होता. थोरलीचा आवाज चढला नाही. "मेलो असतो की ओ आम्ही," ती म्हणाली.

"होय," मी म्हटलं.

धाकटीने डोळे पुसले. "म्हणजे माझ्यामुळं नव्हं?"

"नाही गो. माझ्यामुळे."

तिने थोरलीच्या मांडीत तोंड खुपसलं आणि आता ती जे रडली ते वेगळं होतं. थोरली तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवत राहिली, नजर माझ्यावर. मग तिने वही माझ्याकडे सरकवली. "लिहा की. तुमच्या हातानं. आमच्या सह्या त्याच्या खाली करतो."

मी लिहिलं. ओल्या कागदात पेन रुतत होतं. "संकष्टीला दिवसा तृतीया असू शकते. भरती सव्वादोन. वरील गृहस्थांचे बरोबर. चूक माझी." खाली दोघींनी सह्या केल्या. जेवायला त्या थांबल्या नाहीत. गाडीत बसताना थोरली म्हणाली, "राग गेलेला नाही माझा. पण दुसरीकडं कुठं डबा लपवलात तर कळवा. हिला घेऊन येतो." मी मान हलवली. 

त्या संध्याकाळी मी वेबसाइटवरून तो डबा काढून टाकला, आणि तिथेच सगळ्यांना दिसेल असं काय झालं ते लिहिलं. मग पुण्याच्या गृहस्थांना वेगळा निरोप पाठवला, माफीचा, चार ओळींचा. पाठवून झाल्यावर मी मोबाइल पालथा ठेवला. ते काय लिहितील हे मी मनात तयारच केलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर सोडलं नसतं, पिढ्या काढल्या असत्या.

अर्ध्या तासाने त्यांचं उत्तर आलं. एकच ओळ होती. "दोघी सुखरूप आहेत ना?"